उजवीकडची शून्यं

मढ, २५ ऑक्टोबर

प्रिय लता,

कांजूरमार्गच्या ऑफिसात तू मॉनिटरवर लाकडी पट्टी धरायचीस, आठवतं? मीटरच्या रीडिंगचे आकडे एकाखाली एक आलेत का, ते बघायला. एखादा सरकलेला दिसला की म्हणायचीस, "रोझी, कॉन्व्हेंटात रांगेत उभं राहायला शिकवलं नाही का गं?"

हेन्री गेला, मी विधवा झाले, त्याला पाच वर्षं झाली. आमच्याकडे जागा कमी, म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात आणि हाडं सिमेट्रीच्या भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. त्याची पाळी आली तेव्हा मी पाय मोडून पडले होते. सिमेट्री सांभाळणाऱ्या नेव्हिलने सगळ्यांचे नंबर लिहून पाठवले आणि चर्चच्या वेबसाइटवरची यादी मी अंथरुणातच तयार केली. नावाची पाटी बसायला दोन वर्षं जातात. तोवर कोनाड्यावर नुसता नंबर, तीन आकडी. म्हणून यादीतही शून्यं भरून प्रत्येक नंबर तीन आकडी केला, पण शून्यं डावीकडे भर हे कॉम्प्युटरला सांगायला विसरले. न सांगितलं तर तो उजवीकडे भरतो. सातचे ००७ व्हायचे, ते ७०० झाले. सत्तरचेही ७००च. रांग इतकी सरळ आली की मी दुसऱ्यांदा बघितलंच नाही.

वर्षभर दर रविवारी ७०० समोर मेणबत्ती लावली. गेल्या आठवड्यात नेव्हिलने विचारलं, "आंटी, ह्या बाई तुमच्या कोण लागतात?"

मग हेन्रीच्या खऱ्या कोनाड्यापाशी, ००७ पाशी गेले. रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं. घरी येऊन भांडी घासली, यादी दुरुस्त केली. पण चाळीस घरांनी जुना नंबर लिहून घेतलाय. दोन नोव्हेंबरला, ऑल सोल्स डेला, ती माणसं परक्याच्या कोनाड्यापुढे उभी राहतील. सगळ्यांना फोन करणार होते.

सोमवारी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. नंतर बोलता येईल की नाही, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. म्हणून हे पत्र. सोबतच्या कागदावर चाळीस नावं, खरे कोनाडे आणि फोन नंबर आहेत. तो कागद तुझा, फोन तू कर. चूक रोझमेरीची, असंच सांग, नेव्हिलचं नाव येऊ देऊ नकोस. बंद पाकिटात वेबसाइटचा पासवर्ड आहे, ते फादरना दे. हेन्रीचं घड्याळ माझ्या भाच्याला, ॲश्लीला. मेणबत्त्यांचा खोका नेव्हिलला. दर रविवारी एक ००७ ला आणि एक ७०० च्या बाईंना. त्यांना दुसरं कुणी नाही, आणि सवय मीच लावलीय.

तुझीच,
रोझी