पुठ्ठ्याची किल्ली

ता. १४ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. सवयीने लिहिला गेला, खोडाखोड नको म्हणून राहू दिला. आईची तब्येत आहे तशीच. तू परवापासून फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

गाडीचा निकाल लागला. दवाखान्याबाहेर उभ्या गाडीवर ट्रक आदळला आणि ती भंगारात गेली, हे तुला माहीतच आहे. विम्याचे सगळे पैसे तुझ्या कंपनीला मिळाले. गाडी त्यांची, तू करार करून मला महिन्याच्या भाड्याने दिलेली; मी नुसती भाडेकरू. मला परत आला तो अनामत ठेवलेला एक हप्ता. पहिल्या महिन्याचं भाडं गेलं, नोंदणी आणि कागदपत्रांचा खर्च गेला, तेही समजू शकते. पण वर बारा हप्त्यांएवढी रक्कम आगाऊ भरून घेतलीस, तिचं काय? "ताई, आधी जास्त भर, महिन्याचं भाडं उतरेल. तुझेच पैसे, जातात कुठे?" तुझेच शब्द. गाडी दारात आल्यापासून एकोणीस दिवसांत गेले.

सात वर्षं शिलाई मशीनवर मान मोडून जमवले होते रे. आईला डायलिसिसला नीट नेता यावं, एवढ्यासाठी.

काल तुमच्या कारकूनबाई भेटल्या. म्हणाल्या, आगाऊ काही न भरताही गाडी मिळत होती, भाडं थोडं जास्त पडलं असतं इतकंच. जास्त भरून घेतलं की करार करून देणाऱ्याला, म्हणजे तुला, बक्षीस असतं, हेही त्यांनीच सांगितलं. तू मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाहीस.

आता माझंही ऐक. सह्या करताना त्याच बाईंनी करारातल्या आगाऊ रकमेच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं होतं, "ही रक्कम परत मिळत नाही, कळलं ना?" मला कळलं होतं. पण तू साहेबांशेजारी उभा होतास, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. त्या महिन्याचा करारांचा आकडा गाठला नाहीस तर तुला घरी बसवणार होते. मी मूग गिळून सही केली. मग तुम्ही ती पुठ्ठ्याची भली मोठी किल्ली माझ्या हातात देऊन फोटो काढलात. सगळ्यांत जोरात टाळ्या तू वाजवल्यास.

आणि परवा मला म्हणतोस, "ताई, वाचून सही करायची असते." पैशांचं दुःख आहेच. पण हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पैसे मागत नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सहाला आईला डायलिसिसला न्यायला तुझी गाडी दारात हवी. आईला मी खाली आणून सोडीन, तुझ्याशी बोलणार नाही. तो फोटो तिच्या उशाशी आहे. ती गाडी तू घेऊन दिलीस असं तिला वाटतं, कारण मीच तसं सांगितलं होतं. ज्या दिवशी येणार नाहीस, त्या दिवशी तिला खरं सांगेन.

तुझी ताई
(ही सही वाचून केली आहे.)