फ्रॉकला लावलेला माईक

सूनबाई,

दूध तापवून ठेवलंय. मी शेजारच्या गल्लीत चिमणीकडे जातोय. काल माझ्या शिकवणीतून रडत गेली ती, आज आलीच नाही.

शिकवणीत कालच्या पाढ्यांचं रेकॉर्डिंग कसं झालंय बघावं म्हणून आत्ता आवाज पूर्ण वाढवून हेडफोन लावले. माईक नेहमी माझ्या कॉलरला असतो, काल हट्ट करून तिने तो आपल्या फ्रॉकला लावून घेतला होता. मी विचारतोय, "सात आठे?" ती म्हणतेय, "छप्पन्न." मी म्हणतोय, "अगं, तोंड उघड की!" ती पुन्हा छप्पन्न. पाच वेळा, अगदी स्पष्ट. आणि मी तिला कोपऱ्यात उभं केलं! मग तिच्याजवळ बसलेली मुलगी कुजबुजते, "रडू नको गं. आजोबांना ऐकू येत नाही. पण त्यांना सांगायचं नाही, असं ठरलंय ना आपलं?"

कानाच्या डॉक्टरांची वेळ घे. वर्षभर तू हेच सांगत होतीस आणि मी तुझ्यावरच डाफरत होतो. मला फोन करू नकोस, वाजलेला कळेल याची आता खात्री नाही.

चिमणीची माफी मागणार आहे. मग कानाशी येऊन पाढा म्हण म्हणेन. म्हणेल का गं ती?

आबा