साडेतीन फुटांचं भिंग

३ फेब्रुवारी १९३८, मंगरूळपीर.
आजपासून संताप बंद. प्रोफेसरांना तोंडावर बैल म्हटलं, कॉलेज अर्ध्यात सुटलं. सुटलं म्हणजे मीच सोडलं. आता फोटोग्राफी. बॉक्स कॅमेरा आहे, अंगात गुण आहेत. उणीव एकाच वस्तूची. कोणती, ते ठरायचंय.

संध्याकाळी.
जानराव पाटलांनी बोलावलं. विजयमालेचा फोटो काढायचा, लवकर, चेहरा साफ यायला पाहिजे. हे काम त्यांनी मलाच सांगितलं. (गावात दुसऱ्या कोणाकडे कॅमेरा नाही, ते अलाहिदा.) इशारा समजला. दोन वर्षं जिच्यासाठी झुरतोय, तिचा बापच दार उघडून राह्यला. फोटो हातात ठेवायचा आणि त्याच बैठकीत मागणी घालायची.

४ फेब्रुवारी.
केशरीचंदशेठचं दुकान. गाव सोडून गेलेल्या एका फोटोग्राफरचा माल मिठाच्या पोत्यांमागे पडलाय. कॅमेरा बसवायची लाकडी तिपाई, कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवायचं पोर्ट्रेटचं भिंग, आणि राजवाडा रंगवलेला पडदा. राजवाड्याला उंदरांनी मागचा दरवाजा पाडलाय.
माझा कॅमेरा आठ फुटांच्या आत धूसर दाखवतो. भिंग लावलं की साडेतीन फुटांवरून चेहरा स्वच्छ. साडेतीन फूट! शास्त्रच सांगतं म्हटल्यावर जानराव काय बोलणार?
शेठ म्हणाले, "भाऊ, तिपाई न्या. तुमचा हात हालते."
मी अजिबात रागावलो नाही. तराजू आपोआप कलंडला. मनगटावरचं घड्याळ देऊन भिंगच घेतलं.

५ फेब्रुवारी.
रीळ न घालता सराव. समोर आमची म्हैस, साडेतीन फुटांवर. हात दगडासारखा. शेठला काय कळतं?

७ फेब्रुवारी.
अंतर मोजायला साडेतीन फुटांची सुतळी नेली. एक टोक भिंगाशी, दुसरं तिच्या कपाळाशी. बेत उत्तम होता. दुसरं टोक जानरावांनी धरलं.
सात वेळा खटका दाबला. सुतळी सारखी थरथरत होती. जानरावांचं वय झालं. रिळात एकच फोटो उरला तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "हात लटलट करून राह्यला तुमचा. डबा त्या ज्वारीच्या पोत्यांवर ठेवा."
किती काळजी! ठेवला. ती हसली, तेवढ्यात खटका दाबला.

१५ फेब्रुवारी.
अकोल्याहून फोटो आले. सातांत विजयमालेला चार-चार डोळे. आठवा अप्रतिम. जानरावांनी दोन प्रती मागितल्या. एक त्यांच्या घरी, एक आमच्या, हे उघड आहे.
मागणी घालणारच होतो, पण ते पाकीट घेऊन पोस्टात निघाले. पत्ता अमरावतीचा. असतील कोणी नातेवाईक.

२ मार्च.
अमरावतीहून पसंती आली. मुलगा वकील. लाडू द्यायला जानराव स्वतः आले. म्हणे चार ठिकाणी नुसतं वर्णन कळवलं, कुठं जमलं नाही. पाठीवर थाप मारून म्हणाले, "शालिग्राम, तुह्या फोटोनं काम केलं."
लग्नाचे फोटोही मीच काढायचे. विजयमालेचा निरोप आहे, मांडवात ज्वारीची पोती नसतील.
संतापलो नाही. लाडू खाल्ला.
संध्याकाळी भिंग परत द्यायला गेलो. साडेतीन फुटांवरून बघण्यासारखं आता काही उरलं नाही. शेठनं भिंग घेतलं आणि मिठाच्या पोत्यांकडे बोट दाखवलं. तिपाई पुसून ठेवलेली होती.