सगळ्या डब्यांना एकच नंबर

३ फेब्रुवारी, सोमवार
साडेसातला मालिकांचं चॅनल गेलं! पडद्यावर नुसती निळी पाटी. आठपर्यंत अठ्ठावीस फोन. मालनबाई तर थेट दारात — "अझहरभाई, आज मालिकेतल्या पोरीचं लगीन हाय, अन् आजच मेलं तुमचं केबल!"

मी काय केलं? चॅनलवाले म्हणतात दर वाढवा, आम्हाला सिग्नल देणारी कंपनी म्हणते नाय वाढवत. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणे. इथं तिसरा मी! चॅनल त्यांचं, टीव्हीखालचा डबा कंपनीचा, वायर तेवढी माझी. रुपयातले पाच-दहा पैसे मला, शिव्या मात्र पुऱ्या रुपयाच्या.

४ फेब्रुवारी
कंपनीला फोन लावला. "देखते हैं," म्हणाले अन् ठेवून दिला. काय देखते!

६ फेब्रुवारी
गारखेड्यातली सात घरं माझं केबल सोडून फायबरच्या इंटरनेटवर गेली. बायकोला, अमिनाला सांगितलं नाय. तिला कळलंच. "खाना तो खा लो पहले," म्हणाली. दोनदा उठून गच्चीवर गेलो, वायरी बघून आलो. वायरींना काय झालंय!

७ फेब्रुवारी
लासूर स्टेशनच्या गोकुळचा फोन. तोही केबलवाला, आमच्याच कंपनीचा. त्याच्याकडं चॅनल परवाच आलं! "तडजोड झाली की रे. गिऱ्हाइकांना मेसेज आले, नवा दर कबूल का म्हणून. व्हय म्हणलं की चालू."

माझ्या पन्नासएक घरांत विचारून आलो. एकालाही मेसेज नाय! कंपनीच्या माणसाला फोनवर नाय नाय ते बोललो. मालनबाईंना म्हणलं, मुद्दाम करतेत माझ्यासंगं. त्या म्हणाल्या, "तुमी म्हणता म्हंजी तसंच आसंल."

९ फेब्रुवारी, रविवार
गाढव मी! गाढव!

पाच वर्षांखाली कंपनीनं डब्यागणिक गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर मागितला होता. मी तीनशेचाळीस डब्यांना एकच दिला — माझ्या जुन्या फोनचा. नंबर कंपनीच्या हाती गेला की गिऱ्हाईक गेलं, हा हिशेब. गोकुळनं खरे नंबर दिले तेव्हा त्याला लई हसलो होतो.

तो फोन कपाटात बंद पडलेला. आज चार्ज केला. मेसेजवर मेसेज, थांबंनाच! नवा दर कबूल का, नवा दर कबूल का. मुदत कालच संपली.

अन् मालनबाईंनी माझ्यावर इश्वास ठेवला. लाज वाटती.

११ फेब्रुवारी
कंपनीच्या ऑफिसात गेलो. टेबलावरची पोरगी म्हणाली, "एक नंबर, एक डबा. मुदत गेली तरी ज्याचे त्याचे नंबर आणा, लगेच चालू करते."

घरी येऊन अमिनाला सांगितलं — नंबर दिले तर उद्या कंपनी थेट बोलंल त्यांच्याशी. मला कोण विचारतंय मग?
"अन् नाय दिले तर बोलायला राहतंय कोण?"

उगंच पाना घेऊन खांबावर चढलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार
चार दिवस दारोदार. वही अन् पेन. आधी मालनबाईंकडं गेलो, खरं ते सांगून टाकलं. त्यांनी वहीकडं बघितलं. मग, "म्हंजी आमी तुमच्या मुठीत ऱ्हावं म्हनून व्हय?" नंबर मात्र दिला. चहाचं विचारलं नाय.

आमच्या घरच्या डब्याला अमिनाचा नंबर टाकला. संध्याकाळी चॅनल आलं! एकाचाही फोन नाय. चालू झाल्यावर कोण करतंय!

१८ फेब्रुवारी
दुपारी अमिनाच्या मोबाईलवर कंपनीचा फोन. तिनं स्पीकर लावला. पोरगी लई गोड — "मॅडम, यापुढे केबलवाल्याकडे पैसे देऊ नका. थेट आमच्याकडे भरा, एक महिना फ्री."
अमिनानं माझ्याकडं बघितलं. विचारलं, "बाकीच्यांना केले का फोन?"
"हो मॅडम, सगळ्यांना झाले. तुम्ही शेवटच्या."