उखाण्यापुरता काढलेला मास्क

अहो,

मी शेतातल्या गुरांच्या कोठ्यावर चालली. पाच-सहा दिवस तिकडंच राहीन. मांगं येऊ नका, मास्क लावूनही नका.

भैंसा गावाहून सपनाचा फोन होता. परवा मी तिच्या घरी हळदीले गेली होती ना, तिथं आलेल्या दोघी बाया तापानं पडल्या, तपासलं तर कोरोनाच निघाला. माहाही गळा सकाळपासून दुखून राह्यला.

भाकरी टोपल्यात आहेत, वरण गरम करून घ्या. आठची गोळी चुकवू नका. माही चादर-उशी मी संगं नेली. खिडक्या उघड्याच ठेवा.

किडनी बदललेल्या माणसाले साधा तापही झेपत नाही म्हणत मी दोन वर्षं दारात उभी राहिली. तुमच्या सख्ख्या बहिणीले ओट्यावरच चहा देऊन परत धाडलं, ते तिनं अजून मनात ठेवलं. बंदी उठल्यावर लोक हासले, तरी मी मास्क सोडला नाही.

मग तिथं हळदीतच काऊन काढला, असं तुमी इचारसान. उखाण्याची माही पाळी आली, तं बाया म्हणे, मास्कातून नवऱ्याचं नाव ऐकूच येत नाही.

तुमचं नाव घ्यापुरताच काढला जी.

दीपमाला