देवाबद्दल बोलण्याची परवानगी

सिस्टर, कॉन्व्हेंट शाळेतली तुमची जुनी विद्यार्थिनी लिहिते आहे. गेल्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, सावंगीत माझ्या शेजारी राहणाऱ्या नर्सबाईंच्या घरात प्रार्थना चालू असताना एक हवालदार बुटांसकट आत आला. नर्सबाई बायबलमधली गोष्ट सांगत होत्या, आम्ही सातआठ बाया ऐकत होतो. तो म्हणाला, आता नियम आहे, असं काही सांगायचं तर ठाण्याची परवानगी लागते आणि काय सांगणार ते आधी लिहून द्यावं लागतं. मग त्याला माझं कुंकू दिसलं.

"मॅडम, तुमी तं हिंदू दिसता. काऊन येता इथं? काही देतो म्हनले का?"

"चहा देतात. साखर कमी असते, तेही लिहून घ्या."

बाया हसल्या. नर्सबाई हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी पुन्हा असं दिसलं तर गुन्हा नोंदवू, असं बजावून तो गेला. गुन्हा म्हणजे त्यांची नोकरी गेलीच. त्यांनी मला दारापर्यंत सोडलं. "ताई, तुमी नका येऊ आता. मी मात्र सांगनारच," एवढंच म्हणाल्या, आणि आत जाऊन राहिलेली गोष्ट पुरी केली.

तेव्हापासून मला माझा सातवीचा वर्ग दिसतो आहे. बाबा आमच्या आंजी गावाहून कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात भाजी घालायचे. पोरगी बाटवतील, असं गावात कोणीतरी त्यांच्या कानात भरलं, आणि एका शुक्रवारी ते सरळ तुमच्या नीतिशिक्षणाच्या तासाला आले. देवळात जावं तशा वहाणा दाराबाहेर काढून उभे.

"सिस्टर, माया पोरीले काय सांगता, ते मले बी ऐकू द्या."

"बसा. आज येशूची गोष्ट आहे, आधीच सांगते."

बाबा शेवटच्या बाकावर कसेबसे मावतात. तुम्ही त्या वहाणांकडे बघता, खाली वाकता आणि आपले काळे बूट काढून त्यांच्या शेजारी ठेवता. मग आम्ही साऱ्या पोरी एकेक करून उठतो. काशी पाहिली, रामेश्वर पाहिलं, पण त्या अनवाणी वर्गाइतकी पवित्र जागा मी पुन्हा पाहिली नाही. तुम्ही ठरवलेली गोष्ट पूर्ण सांगितली, एक शब्द गाळला नाही. आवडली नसती तर बाबा मला तिथूनच घरी नेणार होते, आणि त्यांच्यामागे आणखी चार बाप आपापल्या पोरी न्यायला आले असते.

जाताना ते म्हणाले, "तुमी सांगत जा. पटलं तं ऐकन, नाई तं सोडन. तिले डोकं हाये. अन् उद्या वांगी आनू का भेंडी?"

परवानगी त्या दिवशीही मागितली गेली, सिस्टर. पण ती ऐकणाऱ्यानं मागितली.

येत्या रविवारी मी नर्सबाईंकडे पुढच्या रांगेत बसणार आहे. तुम्ही जाऊन वर्षं झाली, हे पत्र कुठे टाकणार, ते टेबलावरच राहील. तरी विचारते: बाबांना दारात पाहून तुम्हाला भीती वाटली होती का? शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळवा. मला भीती वाटते आहे.