ईम हयात आहेत काय?

लॉडरशॉ, १७ मार्च १८९१

तीर्थस्वरूप ईम लॉरेन्स टार्व्हिट यांस,

भाचा एबनीझर प्रिंगल याचे कृतानेक नमस्कार. (पहिल्याच ओळीतला 'ईम' हा शब्द पाहून पत्र चुलीत टाकाल, म्हणून हात जोडून सांगतो, निदान हे पान संपेपर्यंत थांबा.) गुडघा कसा आहे? खोकला? छातीला लोकरीचं फडकं बांधता ना? माझी तब्येत तुम्ही विचारणार नाही हे ठाऊक आहे, पण रीत म्हणून विचारलीत असं धरून कळवतो की घशाखाली घास उतरत नाही. काल वर्गात सात त्रिक एकोणीस शिकवलं आणि एकाही पोरानं हरकत घेतली नाही. तीस वर्षं शिकवल्याचं हे फळ.

त्या मंगळवारी तुमच्या क्रेगवीमच्या धक्क्यावर काय झालं ते तुम्ही खिडकीतून पाहिलंत. पण खिडकीतून भाच्याची करणी दिसते, मन दिसत नाही. सगळ्याच्या मुळाशी तो एक शब्द आहे. आई गेली तेव्हा तिनं मला दोनच गोष्टी दिल्या, एक माशाचं कालवण करायची तिची भांडी आणि दुसरं तुम्हाला ईम म्हणायची सवय. तिच्या लहानपणी क्रेगवीममध्ये आईचा भाऊ म्हटला की तो ईमच. आता जो तो आईचा भाऊ, बापाचा भाऊ, मावशीचा नवरा या सगळ्यांना 'अंकल' नावाच्या एकाच खुंटीला टांगतो. कुणाचा कोण याचा पत्ता नाही! म्हणून एडिंबराला तो मोठा शब्दकोश होतोय म्हटल्यावर मी फुकटात एकेका शब्दाच्या चिठ्ठ्या पाठवू लागलो. आठ वर्षांत अकराशे चिठ्ठ्या, आणि त्यांतली जिवाभावाची एकच.

शब्द लहानसा, पण त्याचं घराणं केवढं जुनं! आपल्या जुन्या भाषेत होता, जर्मन लोकांकडे त्याचा चुलतभाऊ अजून आहे. एक पंडित म्हणतो, त्याचा मूळ अर्थ 'आजोबांच्या घरी राहणारा'. दुसरा पंडित म्हणतो, छे, पहिल्याला काही कळत नाही. पुढे पुढे तर लोक नुसत्या जवळच्या माणसालाही ईम म्हणत. मी स्वतः पहिल्या पंडिताच्या बाजूचा आहे, कारण तुम्ही आजोबांच्या घरात राहता आणि त्यांच्याच खुर्चीत बसून मला शिव्या देता. हे सगळं मी संपादकसाहेबांना कळवलं. त्यांचं उत्तर आलं की या शब्दाचा शेवटचा लेखी पुरावा फार जुना आहे, तेव्हा त्याच्यापुढे मेलेल्या शब्दाची फुली पडेल. फुली! थडग्यावर असते तशी! मी लिहिलं, मी रोज म्हणतो. ते म्हणाले, शाळामास्तरांची साक्ष आम्ही धरत नाही, मास्तर लोक पुस्तकातून मुडदे उकरून बोलतात. (माझं यावर काय म्हणणं होतं ते इथे लिहीत नाही.) एक भाचा सहज हाक मारतो आहे आणि एक मामा सहज ओ देतो आहे असं एखाद्या पाद्र्यानं कानांनी ऐकून सही केली, तर एकतीस मार्चपर्यंत वाट पाहू, असं ठरलं.

पाद्री! ईम, इथेच माझं डोकं फिरलं होतं हे मान्य करतो. कोळ्याच्या लेकीचा मुलगा मी. होडी सोडायच्या वेळी पाद्री नजरेला पडला की समुद्र गिळतो, त्याचं नावही घ्यायचं नाही, 'काळा कोट' म्हणायचं, हे मला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. पण तीस वर्षं शेतकऱ्यांच्या गावात काढली की माणूस मातीचा होतो. मी आमच्या रेव्हरंड हॅलिबर्टनना आगगाडीत घातलं, डब्यात त्यांना उकडलेली अंडी सोलून दिली आणि बरोबर भरतीच्या वेळी, चौदा होड्या सुटायच्या बेतात असताना, काळ्या कोटासकट धक्क्यावर आणून उभं केलं. सगळं बंदर गप्प झालं. मला वाटलं, मान देताहेत.

एवढ्यावर निभावलं असतं. पण हॅलिबर्टन म्हणजे भला माणूस. आमच्या गावात घरटी एक जनावर पाळतात आणि पाद्र्यानं माणसाच्या आधी त्याची विचारपूस करायची असते. त्यांनी टोपी काढली आणि म्हाताऱ्या युफन रीकीला खणखणीत आवाजात विचारलं, "काय बाई, तुमचं डुक्कर कसं आहे?" अहो, धक्क्यावर डुक्कर! तो शब्द तिथे दारू प्यायलेला माणूससुद्धा उच्चारत नाही! "थंड लोखंड! थंड लोखंड!" असा जो कल्लोळ उठला, की अपशकुन टळावा म्हणून दिसेल त्या लोखंडाला माणसं चिकटली. कुणी होडीच्या नांगराला, कुणी साखळीला, कुणी स्वतःच्या बुटाच्या खिळ्यांना. युफनला काही सापडेना, तिनं हॅलिबर्टनच्या काठीचं लोखंडी टोक दोन्ही हातांनी धरलं. त्यांना वाटलं बाई आशीर्वाद मागतेय, म्हणून त्यांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, तीही लांबलचक. ती संपली तेव्हा चौदाही होड्या परत बांधून झाल्या होत्या. युफन मला म्हणाली, "मास्तरा, तुझी आय असती तर तिनं तुला याच पाण्यात बुडवला असता." खरं होतं.

हॅलिबर्टनना मी तिथेच सोडलं आणि तुमच्या दाराशी धावलो. वाटेत घरोघरी परातींत गुंडाळून ठेवलेल्या गळांच्या दोऱ्या दिसल्या, प्रत्येक आकड्याला शिंपल्याचं मांस लावलेलं. ते सगळं आता कुजणार हे तेव्हा डोक्यात शिरलं. आणि तुमच्या उंबऱ्याशीही एक परात होती. चौऱ्यांशीव्या वर्षी, त्या वाकड्या बोटांनी, शेजाऱ्याच्या होडीसाठी तुम्ही पहाटेपासून शिंपले सोलत बसला होतात हे मला माहीत नव्हतं. देवाशपथ माहीत नव्हतं. मी हाक मारली, "ईम!" साक्षीला कुणी नव्हतं आणि मला साक्षीची आठवणही नव्हती. आतून तुम्ही म्हणालात, "इथं तुझं कुणी राहत नाही." आणि कडी लावलीत.

मी पाऊण तास उभा होतो. पाऊस होता. (हे दया यावी म्हणून लिहिलं नाही. थोडंसं म्हणूनच लिहिलं.) गाडीत हॅलिबर्टन मला विचारत होते की त्या बाईचं डुक्कर मेलं असावं का.

तेव्हापासून घरी बसून विचार करतोय. आई गेली, बाप तिच्या आधीच गेला होता, लग्न जमलं नाही (जिला विचारलं ती "चिठ्ठ्या आधी घराबाहेर काढा" म्हणाली). मला रागवायचा हक्क असलेला माणूस या जगात एकच उरलाय, आणि त्यानं रागावणंही बंद केलं. अकराशे शब्द गोळा केले, पण त्यांतला एकही संध्याकाळी घरी येऊन "जेवलास का रे गाढवा" म्हणत नाही. तुम्ही म्हणायचात.

चौदाही होडीवाल्यांच्या घरी माफी मागायला मी रविवारी येतो आहे. एकटाच येईन, तपकिरी कोट घालून येईन, खिशात एक मोठा खिळा ठेवीन आणि कुठल्याही जनावराचं नाव काढणार नाही. शिंपले सोलायला बसवा, बोटं कापली तरी हूं म्हणणार नाही.

तुमचाच (अजूनही),
एबनीझर

ता. क. सोबत संपादकसाहेबांचा छापील कागद आहे. त्यात तीन प्रश्न आहेत. आपण हा शब्द कोणाला म्हणता? तिथे तुमचं नाव लिहिलं. ते हयात आहेत काय? तिथे 'होय, कडी लावण्याइतके' असं लिहिलं. ते ओ देतात काय? ती जागा रिकामी ठेवलीय. मला खोटं लिहिता आलं असतं, पण लिहवलं नाही. तेवढी तुम्ही भरा. त्या बोटांनी लिहवत नसेल तर युफनकडून फुली मारून घ्या. नको, फुली नको. दुसरं काहीही चालेल.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात टपालवाला शब्दकोशाचा नवा भाग घेऊन आला. एकतीस मार्च म्हणणाऱ्या संपादकसाहेबांनी तो भाग छापून मोकळाही केलाय. ईम, आईचा भाऊ, आणि पुढे फुली, चांगली काळीभोर. तेव्हा सोबतचा कागद आता कशाच्याच कामाचा नाही, त्यावर खुशाल चूल पेटवा. पण उत्तर लिहा. शिव्या घातल्यात तरी चालतील. त्या दाराआड माझं कुणी राहतं, एवढं कळलं म्हणजे झालं.